फेज चिकटलाय की नुसता शेजारी पडलाय? टीईएमच्या फोटोबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नाल्याच्या पाण्यातून ई. कोलायवरचा एक फेज, म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा विषाणू, काढलात, प्लाक (फेजने बॅक्टेरिया मारल्यावर प्लेटवर पडणारे साफ ठिपके) स्वच्छ येतात, टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, एक स्लॉट मिळाला, फेज आणि बॅक्टेरिया दहा मिनिटं एकत्र ठेवून ग्रिडवर, म्हणजे नमुना धरायच्या बारीक जाळीवर, टाकले, आणि एका बॅक्टेरियाच्या कडेला आठ-नऊ फेज दिसले. गाइड म्हणतात इन्फेक्शन दिसलं, थीसिसला टाका. सिनियर म्हणते यातून काहीच सिद्ध होत नाही, क्रायो, म्हणजे नमुना न सुकवता गोठवून बघणं, करायला हवं. तर बरोबर कोण?

सिनियरची शंका बरोबर आहे, पण तिने सांगितलेलं औषध चुकीचं आहे. तुम्हाला क्रायो नको, कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवाय. मी सतरा वर्षं फेज ग्रिडवर टाकतेय आणि त्यातली पहिली दोन-तीन वर्षं मीसुद्धा नेमके तुमच्यासारखेच फोटो काढून खूश होत होते, त्यामुळे हे सगळं ठेच लागून शिकलेलं आहे असं समजा.

टीईएममध्ये इन्फेक्शन दिसतं की नाही हा खरा प्रश्नच नाहीये. तो फेज तिथे स्वतः चिकटला म्हणून दिसतोय, की ग्रिड सुकताना वाहत जाऊन तिथे अडकला म्हणून दिसतोय, हा प्रश्न आहे. ओट्यावर चहाचा थेंब सांडून सुकला की मधे फिकट आणि कडेला गडद रेघ उरते ना, तोच प्रकार ग्रिडवर होतो. स्टेनचा, म्हणजे नमुना उठून दिसावा म्हणून लावलेल्या जड धातूच्या द्रावणाचा, पातळ थर सुकत जातो आणि त्यात बॅक्टेरिया म्हणजे जवळपास एक मायक्रॉन जाडीचा डोंगर, तर फेज त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे म्हशीच्या शेजारी कोंबडी बसावी तसा. शेवटचं पाणी त्या डोंगराच्या पायथ्याशी साचून राहतं आणि तरंगणारं जे काही असेल ते तिकडे ओढलं जातं. फेज, तुटलेले फ्लॅजेला (बॅक्टेरियाचे पोहायचे धागे), पडद्याचे फुगे, सगळंच. त्यामुळे "कडेला आठ-नऊ फेज" हे चिकटल्याने होतं तसंच नुसत्या सुकण्यानेही होतं, आणि एका फोटोकडे बघून यातलं काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

ही अडचण आजची नाही बरं का. हेल्मुट रुस्का, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणाऱ्या अर्न्स्ट रुस्काचा डॉक्टर भाऊ, त्याने १९४० मध्येच जर्मनीत फेजचे फोटो छापले होते. १९४२ मध्ये अमेरिकेत लुरिया आणि टॉमस अँडरसन यांनी डोकं आणि शेपूट स्पष्ट दाखवलं. पण तेव्हा नमुने नुसते हवेत सुकवायचे, त्यामुळे सगळं चपटं होऊन एकमेकांवर पडलेलं, फेज डोक्याने चिकटतो की शेपटीने यावर खात्रीने बोलायची सोय नाही. अँडरसनने मग १९५१ च्या सुमारास क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग काढलं. नमुन्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने बदलून शेवटी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि दाबाखाली ३१ अंशांच्या वर न्यायचा, म्हणजे द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच नाहीशी होते, आणि पृष्ठताणच नाही म्हटल्यावर कोणी कोणाला ओढत नाही. तेव्हा दिसलं की फेज शेपटीच्या टोकावर उभे आहेत, डोकं बाहेर. हे फेज आत शिरतच नाहीत, बाहेरच राहतात, मग आत जातं काय? हर्शी आणि चेज यांनी १९५२ मध्ये स्वयंपाकघरातला मिक्सर वापरून बाहेर राहिलेली टरफलं झटकून टाकली ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. तर अँडरसनसारख्या मोठ्या माणसाला ज्या सुकण्याने छळलं ते तुम्हालाही छळणार, मनाला लावून घेऊ नका.

आता थोडं "अवलंबून आहे" वालं. तुमचा फेज कसला आहे यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. टी४ सारखा (टी४, लॅम्डा, टी७ हे ई. कोलायचे गाजलेले फेज) आकुंचन पावणाऱ्या शेपटीचा असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण त्याच्या शेपटीचं आवरण, आम्ही शीथच म्हणतो, साधारण ९३ नॅनोमीटरवरून ४२ वर येतं, जाड होतं, आणि आतली नळी खाली बाहेर आलेली दिसते. हा फरक निगेटिव्ह स्टेनमध्येसुद्धा, म्हणजे भोवती गडद स्टेन आणि मधे फिकट फेज अशा तुमच्यासारख्या साध्या फोटोतही, लगेच कळतो. लॅम्डासारखी लांब पण न आकसणारी शेपटी असेल तर शेपटीवरून काही कळणार नाही, डोकं भरलेलं की रिकामं एवढंच बघायचं. आणि टी७ सारखी आखूड शेपटी असेल तर निगेटिव्ह स्टेनमध्ये चिकटणं दाखवणं म्हणजे डोकेदुखी, शेपूट डोक्याखाली झाकलं जातं. तुम्ही फोटोचं वर्णन केलंय त्यात "लांब, जाड शेपूट, काहींची आखूड" असं म्हटलंय, त्यावरून मी तुमचा टी४ छापाचा धरून पुढे लिहिते. (मात्र थीसिसमध्ये नुसत्या फोटोवरून "मायोव्हिरिडी फॅमिली" लिहू नका, ती जुनी तीन कुळं २०२२ मध्ये अधिकृत वर्गीकरणातून काढून टाकलीयेत. "मायोव्हायरस रूपाचा" म्हणा आणि पुढचं सिक्वेन्सवर सोडा. परीक्षक हे हमखास पकडतात.)

आधी बॅक्टेरिया बाजूला ठेवा आणि नुसत्या फेजची चांगली ग्रिड करा. तुम्ही टायटर, म्हणजे मिलिलिटरला किती फेज, लिहिलेलंच नाही आणि बहुतेक गडबड तिथेच असते, म्हणून साधा हिशोब करून दाखवते. ग्रिडचा व्यास ३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७० लाख चौरस मायक्रॉन. मिलिलिटरला १ कोटी फेज असलेला लायसेट (फेजने बॅक्टेरिया फोडल्यावर उरतं ते द्रावण) घेतला आणि ५ मायक्रोलिटर टाकला तर ग्रिडवर आले ५० हजार फेज. म्हणजे १४० चौरस मायक्रॉनला एक. आणि तेही सगळे चिकटले तर, प्रत्यक्षात बरेचसे ब्लॉटिंग पेपरबरोबर जातात. ज्या मॅग्निफिकेशनला शेपूट नीट दिसतं तिथे एका वेळी ८-१० चौरस मायक्रॉन दिसतात, मग तासाभराच्या स्लॉटमध्ये तुम्ही रिकाम्या शेतात सुई शोधत बसता आणि ऑपरेटर घड्याळ बघत बसतो. मिलिलिटरला १०० कोटी हे माझं किमान, १००० कोटी असेल तर झकास.

टायटर वाढवायला पीईजी (फेज खाली बसवणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल) वापरलंत तर ते नीट काढा, ते राहिलं की मागची बाजू तुपकट, ढगाळ दिसते. सीझियम क्लोराइडचा ग्रेडियंट केला असेल तर डायलिसिस हवंच, नाहीतर मिठाचे खडे. फेज साठवायच्या एसएम बफरमध्ये जिलेटिन टाकायची पद्धत आहे ती ईएमच्या नमुन्यात टाळा. फॉस्फेट बफर आणि युरेनिल अॅसिटेट (नेहमीचा स्टेन) यांची तर गाठ घालूच नका. मी एकदा पीबीएसमधला (तोही फॉस्फेट बफरच) फेज थेट युरेनिलवर घेतला आणि अख्खी ग्रिड काळ्या सुयांनी भरली, दोन दिवस मी तो फिलामेंटस (धाग्यासारखा) फेज समजून बसले होते. आता मी फेज लावल्यावर एका मिनिटाने फिल्टर पेपरच्या कडेने पाणी ओढून घेते, अमोनियम अॅसिटेटच्या किंवा नुसत्या पाण्याच्या दोन थेंबांवर ग्रिड टेकवून धुते, मग २ टक्के युरेनिल अॅसिटेट तीस सेकंद, आणि कडेने ब्लॉट. पेपर ग्रिडच्या तोंडावर दाबायचा नाही, कडेला नुसता टेकवायचा, थेंब आपोआप जातो आणि अगदी पातळ ओला पापुद्रा राहतो, तो हवेत सुकू द्यायचा. युरेनिल मिळत नसेल, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, तर पीटीए (फॉस्फोटंग्स्टिक आम्ल) १ ते २ टक्के, पीएच ७ ला आणून. कॉन्ट्रास्ट थोडा कमी येतो पण युरेनिल मुळात आम्लधर्मी आहे आणि काही फेजना ते सोसत नाही, त्यामुळे पीटीए कधीकधी उलट बरंच.

या नुसत्या फेजच्या ग्रिडवर शंभर फेज मोजा आणि त्यातल्या किती जणांची शीथ आधीच आकसलेली आहे, किती डोकी रिकामी, म्हणजे आत स्टेन शिरून काळी दिसणारी आहेत ते लिहून ठेवा. जुना लायसेट, गोठवून वितळवलेला, जास्त वेळ सेंट्रिफ्यूज केलेला, यात बॅक्टेरिया न भेटताच कितीतरी फेज आकसून बसलेले असतात. हा आकडा हातात नसेल तर बॅक्टेरियाशेजारी दिसलेला आकसलेला फेज काही सांगत नाही. तुम्हाला "काहींची शेपूट आखूड" दिसली ती बॅक्टेरियावरच्यांची का मोकळ्यांची, ते परत जाऊन बघा, तुमच्या आत्ताच्या फोटोंतूनच अर्धं उत्तर मिळेल.

मग बॅक्टेरियाबरोबरचा प्रयोग. इथे बॅक्टेरियामागे किती फेज घालायचे हा सगळ्यात नाजूक भाग. एकास पाच घातले तर हिशोबाने १ टक्क्याहून कमी बॅक्टेरिया फेजविना राहतात, इन्फेक्शनला ते भरपूर झालं, पण फोटोत एका बॅक्टेरियावर पाचच फेज आणि त्यातले निम्मे वर-खाली, अंगाआड. म्हणून लोक एकास शंभर घालतात. आणि मग बॅक्टेरिया बाहेरूनच फाटतात, आत एकही नवा फेज तयार न होता. याला लायसिस फ्रॉम विदाउट म्हणतात आणि डेलब्रुकने हे १९४० मध्येच वेगळं करून दाखवलंय. अशा फाटक्या बॅक्टेरियाचा फोटो टाकून "बघा फेजने फोडला" म्हणणारे पेपर मी रिव्ह्यू केलेत. मी स्वतः एकास वीस ते तीस घेते, पाच मिनिटांत ग्लुटारल्डिहाइड टाकून सगळं जिथल्या तिथे थांबवते, मग हलक्या हाताने सेंट्रिफ्यूज करून एकदा धुते म्हणजे न चिकटलेले फेज वर राहून फेकले जातात, आणि मग ग्रिड. ही धुण्याची पायरी तुमच्या वर्णनात दिसत नाहीये.

आणखी एक, बॅक्टेरिया बफरमध्ये धुऊन घेतले आणि अचानक चिकटणंच बंद झालं असं झालं तर घाबरू नका. काही फेजना कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं, आणि टी४ च्या काही वाणांना तर ट्रिप्टोफॅन लागतं, ते नसेल तर त्यांच्या शेपटीचे धागे उघडतच नाहीत. हेही त्याच अँडरसनने शोधलं, १९४५ च्या आसपास. बॅक्टेरिया वाढवायच्या रश्श्यात (ब्रॉथमध्ये) होतं ते बफरमध्ये नसतं, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं तो कंट्रोल. तुमच्याकडे रेझिस्टंट, म्हणजे फेजला दाद न देणारे, बॅक्टेरिया असणारच. प्लेटवर फेज पसरून दोन दिवस ठेवा, साफ झालेल्या भागात ज्या चार-दोन कॉलन्या उगवतात त्यातली एक उचला, दोन-तीनदा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून, फेजपासून वेगळी करा, आणि खरंच फेज तिला चिकटत नाही ना ते साध्या अॅड्सॉर्प्शन टेस्टने बघा, म्हणजे मिसळून दहा मिनिटांनी वरच्या पाण्यातलं टायटर उतरतं का. (काही रेझिस्टंट असे असतात की फेज चिकटतो पण पुढे काही होत नाही, ते या कामाला चालणार नाहीत.) मग मूळचा आणि रेझिस्टंट, दोन्हींना तोच फेज, तेवढाच वेळ, त्याच दिवशी, त्याच स्टेनने. प्रत्येकी पन्नास बॅक्टेरिया मोजा, आणि मोजताना कुठला कुठला आहे ते तुम्हाला माहीत नको, मैत्रिणीला ग्रिडवर अ आणि ब लिहायला सांगा.

तीन गोष्टी मोजायच्या. कडेला किती फेज, त्यातल्या किती जणांची शेपूट बॅक्टेरियाकडे आहे, आणि कितींची शीथ आकसलीये. नुसते सुकताना गोळा झालेले फेज कसेही पडतात, कोणी डोक्याने टेकलेलं, कोणी आडवं, कोणी पाठ फिरवून. खरे चिकटलेले रांगेने शेपटीवर उभे असतात, बाभळीच्या फांदीला काटे असतात तसे. मूळच्यावर बहुतेक सगळे शेपटीने टेकलेले आणि आकसलेले, आणि रेझिस्टंटवर थोडेसे आणि कसेही पडलेले असं आलं, की गाइड आणि सिनियर दोघांचंही समाधान होईल, आणि यासाठी तुम्हाला एक जास्तीचा स्लॉट लागतो, बाकी काही नाही.

फेज न घातलेल्या नुसत्या बॅक्टेरियाची ग्रिडही करा, त्यात काय दिसणार म्हणून सोडू नका. मी एकदा स्युडोमोनास या दुसऱ्या बॅक्टेरियावर काम करताना "डोकं गळून पडलेले फेज" म्हणून ढीगभर आकसलेल्या शेपट्यांचे फोटो जमवले होते, पोस्टरसुद्धा छापायला गेलं होतं. मग कोणीतरी विचारलं की फेज न घातलेल्यात बघितलंस का. बघितलं तर त्यातही तेवढ्याच. ते पायोसिन निघाले, बॅक्टेरिया स्वतःच तयार करतो ती बिनडोक्याची फेजशेपटी, शेजारच्या जातभाईंना मारायला. ई. कोलायमध्ये ही भानगड एवढी नाही, पण बाहेरच्या पडद्याचे गोल फुगे सुटतात ते साधारण फेजच्या डोक्याएवढे असू शकतात आणि घाईत डोकं म्हणून मोजले जातात. डोक्याला कोपरे दिसतात, फुग्याला नाही.

इथपर्यंतचं एका दमात: आधी टायटर, मग नुसत्या फेजची ग्रिड, मग धुतलेले बॅक्टेरिया मूळचे आणि रेझिस्टंट, आणि आकडे. हे सगळं फक्त चिकटण्याबद्दल झालं.

आत काय चाललंय ते बघायचं असेल तर सेक्शन, म्हणजे बॅक्टेरियाचे पातळ काप, करावे लागतील, आणि ते तुमच्या प्रोजेक्टच्या वेळेत बसतं का ते तुम्ही ठरवा, माझ्या मते जेमतेम बसतं. आधी वन-स्टेप ग्रोथ कर्व्ह काढून तुमचा फेज किती मिनिटांत बॅक्टेरिया फोडतो ते माहीत हवं. टी४ ३७ अंशांना साधारण २५ मिनिटं घेतो, आत पहिले पूर्ण फेज बाराव्या मिनिटाच्या आसपास तयार होतात. तुमचा आकडा वेगळा असेल, त्याचे चार-पाच भाग पाडून त्या त्या वेळी नमुना थेट ग्लुटारल्डिहाइडमध्ये ओतायचा. मग ऑस्मियम, अल्कोहोलच्या पायऱ्या, रेझिन, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस, आणि हिऱ्याच्या सुरीने ६०-७० नॅनोमीटरचे काप, पाण्यावर तरंगताना चंदेरी दिसतात ते घ्यायचे, सोनेरी-जांभळे टाकायचे. ऑस्मियमची बाटली हूडबाहेर उघडायची नाही, त्याची वाफ डोळ्याच्या बुबुळालाच फिक्स करते, यात मी गंमत करत नाहीये.

इथे एक लक्षात घ्या की एक मायक्रॉन जाडीच्या बॅक्टेरियाचे असे चौदा-पंधरा काप होतात आणि तुम्ही त्यातला एकच बघता. बाहेर चिकटलेला फेज त्या कापात शेपटीसकट, नेमका उभा सापडणं हा लॉटरीचा प्रकार आहे, म्हणून "सेक्शनमध्ये अॅड्सॉर्प्शन दिसलं नाही" याचा अर्थ काहीच होत नाही. सेक्शनची खरी मजा उशिराच्या वेळांना येते. टी४ मध्ये सुरुवातीला बॅक्टेरियाचा मधला फिकट डीएनएचा भाग विस्कटून कडेला सरकतो, मग आतल्या पडद्याला टेकलेली रिकामी डोकी दिसतात, आणि शेवटी शेवटी गच्च भरलेली काळी डोकी, डाळिंब फोडल्यासारखी. त्या प्रत्येक डोक्यात, १२० बाय ८६ नॅनोमीटरच्या जागेत, सुमारे ५७ मायक्रॉन लांबीचा डीएनए कोंबलेला असतो, हे मला अजूनही दर वेळी बघताना खरं वाटत नाही. बॅक्टेरिया एकदम फुटत नाहीत, उशीर करतात असं दिसलं तर तेही टी४ चं जुनं वैशिष्ट्य आहे, आत एक फेज काम करत असताना वरून दुसरे येऊन चिकटले की फुटणं लांबतं. म्हणून सेक्शनसाठी एकास पाचच घाला, एकास तीस नको.

आता क्रायो. सिनियरने ते उगाच सुचवलं नाही. पाणी स्फटिक न होता काचेसारखं गोठतं, सुकणंच नाही म्हटल्यावर माझा सगळा पहिला आक्षेपच संपतो. टी४ ची शीथ आकसल्यावर नळी बाहेरचा पडदा भेदते आणि आतला पडदा स्वतःच बाहेरच्या बाजूला फुगून नळीच्या टोकाकडे येतो हे २०१५ मध्ये एका गटाला क्रायो टोमोग्राफीनेच (गोठलेला नमुना वेगवेगळ्या कोनांतून बघून त्रिमिती चित्र बनवणं) दिसलं. टी७ ची शेपूट एवढी आखूड असूनही डीएनए आत कसा जातो याचंही उत्तर त्याआधी दोन वर्षं त्याच गटाने दिलं, फेज आपल्या डोक्यातली प्रोटीन्स बाहेर काढून पुढची नळी जागेवरच तयार करतो. पण यातली मेख बघा, अख्खा ई. कोलाय त्या कामाला जाड पडतो, इलेक्ट्रॉन आरपार नीट जात नाहीत, म्हणून त्यांनी मिनिसेल वापरल्या, म्हणजे विभाजन बिघडलेल्या म्युटंटपासून सुटणाऱ्या, क्रोमोसोम नसलेल्या छोट्या पेशी. दुसरा रस्ता म्हणजे गोठलेला बॅक्टेरिया आयन बीमने तासून दीडशे-दोनशे नॅनोमीटरची चकती करायची. २०१७ मध्ये स्युडोमोनासच्या एका मोठ्या फेजभोवती पेशीकेंद्रकासारखं कवच सापडलं ते या तासण्यामुळे. आपल्याकडे बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेमध्ये राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे, पण तिथे जाताना हातात असा प्रश्न हवा की जो दुसऱ्या कशानेच सुटत नाही. "माझा फेज चिकटतो का" हा तसा प्रश्न नाही. निगेटिव्ह स्टेनच्या दुसऱ्या स्लॉटसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-सुविधेसारख्या ठिकाणी बाहेरच्यांचे नमुनेही घेतात, रांग असते, म्हणून आजच अर्ज टाका.

एसईएमबद्दलही, म्हणजे फक्त पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपबद्दल, विचारलंय. फेज त्यात सोन्याच्या मुलाम्याखाली पुळीसारखा दिसतो, शेपूट ओळखू येणं मुश्कील. मुखपृष्ठासाठी छान, पुरावा म्हणून नको.

मोजमापांचं राहिलं. स्टेनमध्ये डोकं थोडं चपटं होऊन रुंद दिसतं, शेपटीची लांबी जास्त भरवशाची, निदान वीस फेज मोजून सरासरी द्या. आणि मशीनच्या स्केल बारवर डोळे मिटून विश्वास नको, ऑपरेटरकडे कॅटलेज या प्रोटीनच्या स्फटिकांची ग्रिड असते का विचारा, त्यावरच्या रेघांतलं अंतर ८.७५ नॅनोमीटर ठरलेलं आहे, त्याच मॅग्निफिकेशनला त्याचा एक फोटो काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण स्लॉट संपत आल्यावर विचारलंत तर कोणी करून देत नाही, सुरुवातीलाच सांगा.

टायटर किती आहे आणि बॅक्टेरियाचा स्ट्रेन कुठला ते लिहा, म्हणजे एकास किती घालायचे ते नेमकं सांगता येईल.